आठव्या रांगेतली कडेची खुर्ची

माझ्या सासूबाईंना उजव्या कानाने चांगले ऐकू येते, डाव्या कानाने जवळजवळ नाही. गुडघ्यांमुळे चार-पाच पायऱ्यांपेक्षा जास्त चढणे त्यांना होत नाही, आणि तास-दीड तास एका जागी बसले की एकदा तरी उठून पाय मोकळे करावे लागतात. या तीन गोष्टी ध्यानात ठेवून मला जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात बसून पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातल्या ‘संगीत सौभद्र’च्या प्रयोगाची दोन तिकिटे काढायची होती. चांगली जागा म्हणजे पुढची जागा, असा माझाही समज होता. ही दोन तिकिटे हातात येईपर्यंत तो पूर्ण बदलला.

सासूबाईंचे माहेर जळगावचे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावला राहिले होते आणि मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले होते. ही हकीकत सासूबाईंच्या माहेरी इतक्या आपलेपणाने सांगितली जात असे, की हे नारायणराव म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्याच कुणा घरचे, असे त्यांना लहानपणी वाटे. वडिलांच्या ग्रामोफोनवर आणि पुढे आकाशवाणीवर ऐकून ‘सौभद्र’मधली कितीतरी पदे त्यांना तोंडपाठ झाली होती. नाटक मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात नाटके येतात आणि आम्ही ती आवर्जून पाहतो. पण ती बहुतेक चार-पाच पात्रांची, दोन अंकी. संगीत नाटकाला गाणारे नट लागतात, ऑर्गन आणि तबल्याची साथ लागते, पौराणिक कथा असेल तर कपडेपट आणि रंगभूषेची माणसे वेगळी. हा सगळा ताफा बसमध्ये घालून, राहण्याजेवणाची सोय करून तापीकाठापर्यंत आणायचा, तर त्या खर्चाला एका रात्रीचे नाट्यगृह पुरे पडत नाही. नाटक आमच्याकडे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जावे, असे मी ठरवले, कारण सासूबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे छायाचित्र पाठवले, तेव्हा प्रयोगाला बारा दिवस उरले होते. रविवार, संध्याकाळी साडेपाच. पुण्यातल्या नाट्यगृहांत साधारणपणे दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशी सत्रे असतात, आणि परगावाहून येणाऱ्याला त्यांतले मधले सर्वांत सोयीचे. शनिवारी रात्री पाचोऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली, की चाळीसगाव, मनमाड, दौंड करीत ती पहाटे पुण्याला उतरवते, आणि रविवारी रात्री उशिरा तीच गाडी पुण्याहून परतीला मिळते. नाटक नऊच्या सुमारास सुटले, तर ती गाठता येणार होती.

इथेच पहिली अडचण उभी राहिली. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि नाटकाची जाहिरात येते बारा दिवस आधी. म्हणजे तिकीट काढण्याजोगे नाटक समजते, तोपर्यंत गाडी भरलेली असते. दोन्ही बाजूंना प्रतीक्षायादी दिसत होती. मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी मला इतक्या वर्षांच्या प्रवासात माहीत नव्हती. साठीपुढच्या ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा एक वेगळा कोटा असतो. एकटे किंवा दोघेच प्रवास करीत असाल, तर त्यातून आरक्षण करता येते. साध्या कोट्यात प्रतीक्षायादी लागली, तरी या कोट्यात जागा शिल्लक असू शकते. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, त्यामुळे आम्ही दोघीही त्यात बसत होतो. जाता-येता दोन्ही वेळा आम्हाला समोरासमोरचे खालचे बर्थ मिळाले. भाच्याला पाचोऱ्याला बोलावून आजीला बरोबर न्यायचा माझा आधीचा विचार होता. तो तसाच राहिला असता तर आम्ही तिघे झालो असतो आणि या कोट्यातून बाहेर पडलो असतो.

गाडी पक्की झाली आणि मी नाटकाच्या तिकिटांकडे वळले. एका संकेतस्थळावर प्रयोग दिसत होता. बैठकीचा नकाशा उघडला, तर पुढच्या कितीतरी रांगा राखाडी रंगाच्या होत्या, आणि निवडता येण्याजोगी जागा चौदाव्या रांगेपासून मागे होती. सगळे विकले गेले, या समजुतीने मी घाईघाईने चौदाव्या रांगेतल्या दोन जागा निवडल्या आणि पैसे भरले. बँकेतून पैसे गेल्याचा संदेश आला, तिकीट आले नाही. पुन्हा पाहिले तर त्या दोन जागाही राखाडी झाल्या होत्या, म्हणजे आमच्याच पैशांनी आमच्यासाठी बंद झाल्या होत्या. तक्रार नोंदवली, तिला यंत्राने उत्तर दिले. पैसे आठ दिवसांनी परत आले; त्या आठ दिवसांत मी जी झोप घालवली, तिचा हिशेब कुणाकडे मागावा हे मला अजून कळलेले नाही. सासूबाईंना मी यातले काही सांगितले नव्हते. त्या रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना एखादे पद गुणगुणत होत्या आणि प्रवासाला कोणते लुगडे नेसावे, हे ठरवीत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी जाहिरातीतला दूरध्वनी क्रमांक लावला. हे आधीच करायला हवे होते. पलीकडचे गृहस्थ नाटकाच्या बुकिंगचे काम पाहणारे होते आणि त्यांच्या बोलण्यात अजिबात घाई नव्हती.

“कुठून बोलताय ताई?”

“पाचोऱ्याहून. जळगाव जिल्हा.”

“मग तुम्ही नुसता नकाशा पाहून घाबरू नका. राखाडी दिसतं ते सगळं विकलेलं नसतं. तेवढ्या खुर्च्या आम्ही तिथे दिलेल्याच नाहीत. खिडकीवर प्लॅन बुधवारी सकाळी लागेल, तेव्हा कुणाला तरी पाठवा.”

बैठकीच्या तक्त्याला नाट्यगृहाच्या भाषेत प्लॅन म्हणतात आणि विक्री खुली झाली की प्लॅन लागला म्हणतात, हे मला तेव्हा कळले. एकाच प्रयोगाच्या खुर्च्या तीन-चार ठिकाणी वाटलेल्या असतात: काही संकेतस्थळावर, बऱ्याचशा नाट्यगृहाच्या खिडकीवर, आणि अगदी पुढच्या काही निर्मात्याच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या. या राखीव खुर्च्यांतल्या उरलेल्या पुष्कळदा प्रयोगाच्या दिवशी सोडल्या जातात. गावातल्या माणसाला त्या दिवशी सकाळी जाऊन त्यांची वाट पाहता येते. तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून वयस्क माणसाला घेऊन येणाऱ्याने त्या भरवशावर निघू नये, असे त्या गृहस्थांनीच मला स्पष्ट सांगितले, आणि हे सांगितल्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

मी त्यांना सासूबाईंच्या कानाचे आणि गुडघ्यांचे सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि मला विचारले, की आजींना बघायचे जास्त आहे की ऐकायचे. हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. नाटक पाहायला जातो असे आपण म्हणतो. परंतु सासूबाईंनी पन्नास-साठ वर्षे जे जपले होते, ते सारे कानांनी. ऐकायचे जास्त आहे, असे मी म्हटले. तेव्हा ते म्हणाले, की आमच्या प्रयोगात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात, प्रेक्षकांच्या उजव्या हाताला बसतात. उजव्या बाजूच्या पहिल्या तीन-चार रांगांत बसले, तर तबला शब्दांवर चढतो. उजवा कान चांगला असेल तर प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूला बसवा, म्हणजे रंगमंच आणि साथ दोन्ही त्या कानाकडे येतील.

रात्री मी वहीच्या पानावर प्रेक्षागृहाचा ढोबळ आराखडा काढला आणि भाच्यासाठी सूचना लिहिल्या. रंगमंचाकडे तोंड करून डावी बाजू. सहावी ते नववी रांग. वाटेलगतची खुर्ची आजीची, तिच्या शेजारची माझी. बाल्कनी नको. या पानाचे छायाचित्र त्याला पाठवले आणि वर पुन्हा फोन करून डावी म्हणजे कुणाची डावी, हे त्याच्याकडून म्हणवून घेतले. रंगमंचावरच्या माणसाची डावी आणि आपली डावी यांत एकदा गल्लत झाली असती, तर आजीचा निकामी कान नाटकाकडे आला असता.

बुधवारी भाचा सकाळी सातलाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे अकरा माणसे होती, बहुतेक निवृत्त, काहींच्या हातात मित्रमंडळींच्या नावांच्या चिठ्ठ्या. नऊला खिडकी उघडली. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने मला व्हिडिओ कॉल लावला, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून तो प्लॅन पाहिला. मोठा छापील कागद, त्यावर चौकटींच्या रांगा. विकलेल्या चौकटींवर पेन्सिलीची तिरपी रेघ, पुढच्या पाच रांगांतल्या पुष्कळ चौकटींवर बारीक अक्षरात काही खुणा. खिडकीतल्या गृहस्थांचे बोट त्या कागदावरून फिरत होते आणि नखाशी पेन्सिलीचे शिसे लागलेले दिसत होते. ते बोट चौथ्या रांगेच्या मध्यावर थांबले. “या दोन मधल्या आत्ताच मोकळ्या झाल्यात. घेता का? पुन्हा मिळायच्या नाहीत.”

भाचा हरखला. “मामी, चौथी रांग! अगदी मधोमध!”

मलाही क्षणभर मोह झाला. चौथ्या रांगेतून नटाच्या डोळ्यांतले पाणी दिसते. पण मधोमध बसलेल्या आजीला उठायचे झाले, तर नऊ-दहा माणसांच्या गुडघ्यांसमोरून जावे लागणार, आणि तो संकोच नको म्हणून त्या अजिबात उठणार नाहीत, हे मला पक्के ठाऊक होते. शिवाय मध्यावर बसले की आवाज दोन्ही कानांवर सारखा येतो, म्हणजे त्यांच्यापर्यंत निम्माच पोहोचणार. मी आठव्या रांगेतल्या डाव्या वाटेलगतच्या दोन खुर्च्या मागितल्या. खिडकीतल्या गृहस्थांनी त्या दोन चौकटींवर रेघ मारली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आजी बरोबर आहेत ना? बरोबर घेतलंत.” भाच्याने स्वतःसाठी बाल्कनीतले सर्वांत स्वस्त तिकीट काढले.

प्रवासाचे फारसे सांगण्यासारखे नाही. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. चाळीसगावला चढलेल्या, मुलाकडे निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी “कथा जाई ऱ्हायना?”, म्हणजे कुठे निघालात, असे अहिराणीत विचारले आणि नाटक पाहायला पुण्याला, हे उत्तर ऐकून सासूबाईंचा हात हातात घेतला. पहाटे उतरल्यावर स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये दिवसापुरती खोली घेतली. हा खर्च टाळू नये. रात्रभर गाडीत आणि दिवसभर वेटिंग रूममध्ये बसलेले माणूस संध्याकाळी दुसऱ्या अंकात झोपी जाते. दुपारी दोघी गाढ झोपलो.

पुणे रेल्वे स्थानकापासून छत्रपती संभाजी उद्यान स्थानकापर्यंत आता थेट मेट्रो आहे आणि तिथून रंगमंदिर जवळ आहे. वर जायला-यायला लिफ्ट असल्याने सासूबाईंना पायऱ्यांचा त्रास झाला नाही. साडेचारलाच आम्ही दारापाशी होतो. या वास्तूची कोनशिला १९६२ साली स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. बांधकाम पूर्ण होईपर्यंत ते राहिले नाहीत. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. हे मी सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या पायरीशी थांबल्या, वाकता येत नव्हते म्हणून हात जमिनीच्या दिशेने नेऊन कपाळाला लावला आणि मग आत आल्या.

द्वारपालाला मी अडचण सांगितली आणि गर्दीच्या आधी आत सोडण्याची विनंती केली. त्याने पहिली घंटा होण्याच्या आधीच आम्हाला आत जाऊ दिले. म्हणून जवळजवळ रिकाम्या प्रेक्षागृहात सासूबाई आपल्या गतीने, एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत, आठव्या रांगेपर्यंत उतरल्या. समोर पडदा, आणि उजव्या कोपऱ्यात तबलजी एकटे बसून हातोडीने तबल्याच्या गठ्ठ्यांवर हलके ठोके देत होते. एक ठोका, बोटाने तबल्यावरच्या काळ्या शाईच्या कडेवर एक आघात, कान खाली. पुन्हा एक ठोका. ऑर्गनवाल्यांनी येऊन एकच सूर धरला आणि तबल्याचा नाद त्या सुरात हळूहळू विरघळत गेला. सासूबाईंनी मान किंचित डावीकडे वळवली, उजवा कान पुढे आणला आणि माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. “येतंय,” त्या म्हणाल्या. “खालचा स्वरसुद्धा येतंय.”

एक अडचण शेवटी आलीच. तिसऱ्या घंटेच्या जरा आधी सातव्या रांगेत नेमके सासूबाईंच्या पुढे एक उंच गृहस्थ येऊन बसले आणि रंगमंचाचा मधला भाग झाकला गेला. मी वाकून त्यांना सांगितले, की आम्ही खानदेशातून आलो आहोत आणि आईंना डावीकडे सरकता येणार नाही, कारण तिथे वाट आहे. ते लगेच उठले आणि पत्नीशी जागा बदलून बसले. अशी विनंती करायला लाजू नये. पडदा वर गेल्यावर मात्र ती करता येत नाही.

‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. मूळ नाटक पाच अंकी आणि पदांनी भरलेले. आताचे प्रयोग संपादित करून साधारण तीन-साडेतीन तासांत बसवतात. नांदी सुरू झाली तेव्हा सगळे नट एका ओळीत उभे होते आणि आठव्या रांगेतून ती पूर्ण ओळ एका नजरेत मावत होती. चौथ्या रांगेतून मान फिरवावी लागली असती. सुभद्रा पहिल्यांदा गायला लागली, तेव्हा मी रंगमंचाकडे कमी आणि शेजारी जास्त पाहिले. सासूबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. एका ठिकाणी नटीने त्यांच्या ओळखीची हरकत, म्हणजे सुरांची छोटी फिरत, न घेता दुसरीच घेतली, आणि त्यांचे ओठ थांबले. दुसऱ्या आवर्तनात तीच नवी हरकत त्यांनी ओठांनी तिच्याबरोबर घेतली. एखाद्या पदाला वन्समोअर आला की आजूबाजूचे टाळ्या वाजवीत, आणि त्या मात्र हात मांडीवर घट्ट धरून बसत, कारण टाळ्यांनी पुढचा पहिला स्वर बुडेल, अशी त्यांना धास्ती वाटत होती.

दुसऱ्या अंकात त्या एकदा उठल्या. वाटेलगतची खुर्ची असल्याने कुणालाही त्रास न देता आम्ही मागच्या दारापर्यंत गेलो, दोन मिनिटे भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि चालू पद संपल्यावर परत आलो. मागे भिंतीशीही शब्द स्वच्छ ऐकू येत होते, हे त्यांनी लगेच टिपले.

प्रयोग सव्वानऊला सुटला. मेट्रोने स्टेशनवर येऊन सामान घेतले, तरी गाडीला पुष्कळ वेळ होता. भाचा फलाटापर्यंत आला होता. सासूबाई त्यांच्या बर्थवर बसल्या, तिकिटाचे अर्धुक चष्म्याच्या डबीत ठेवले आणि खिडकीतून त्याला जवळ बोलावले.

“तू वर बसला होतास. वरून कसं ऐकू आलं?”

“छान आलं आजी. उलट वर तबला आणि गाणं दोन्ही एकदम भरून येत होतं. खाली आवाज वरून जातो म्हणतात.”

सासूबाई विचारात पडल्या. गाडीने शिटी दिली, तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांवर हात ठेवला.

“आणि वर जायला पायऱ्या किती आहेत रे?”

“मोजल्या नाहीत आजी.”

“पुढच्या खेपेला मोज.”

गाडी सुटली तेव्हा तो फलाटावरून चालत येत होता आणि हात हलवून हो म्हणत होता.